'६९ ची कॅमेरो, '६६ ची मस्टँग की '७१ ची नोव्हा? आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहता, दोन गाड्यांचं गॅरेज आहे, पान्यांची कामं स्वतः करता पण वेल्डिंग येत नाही. हाताशी गाडीसकट ५५ हजार डॉलर आणि दोन हिवाळे आहेत. तीन गाड्या हेरून ठेवल्या आहेत: १९६९ ची कॅमेरो, प्रायमर मारलेली, इंजिन-गिअरबॉक्स नाही, २४ हजार, १९६६ ची सहा सिलिंडरची मस्टँग कूप, चालू, १४ हजार, आणि १९७१ ची नोव्हा, ३०७ व्ही-८ आणि दोन गिअरची पॉवरग्लाइड, चालू, रंग उडालेला, १६ हजार. एसी, फ्युएल इंजेक्शन, डिस्क ब्रेक, पाच गिअर हवेत, आणि बायको व सात-दहा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन हायवेवर दोन तास जाता यायला हवं. विचारलंय ते एवढंच, की एलएस इंजिन (शेव्हरोलेचं नव्या पिढीचं व्ही-८) बसवायला यातली सगळ्यात सोयीची कोणती.

एलएस बसवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. कॅमेरो आणि नोव्हासाठी इंजिनाचे माउंट, ऑइल पॅन, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), वायरिंग सगळं तयार मिळतं, किंमत कॅटलॉगमध्ये छापलेली असते आणि बसवायला किती वेळ लागेल हेही साधारण ठाऊक असतं. पत्र्याचं तसं नाही. सडलेल्या पत्र्याचं काम गॅरेजवाले तासावर घेतात, आणि रंग खरवडल्याशिवाय किती तास लागतील हे त्यांनाही सांगता येत नाही. अर्धवट सोडून विकायला निघालेल्या गाड्या बघा. बहुतेक सगळ्या पत्र्यापाशी अडकलेल्या असतात. म्हणून वेल्डिंग न येणाऱ्या माणसासाठी खरा प्रश्न असा की कोणत्या गाडीचा सांगाडा शाबूत आहे, आणि तो शाबूत आहे हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं.

(मस्टँग, कॅमेरो या पोनी कार, म्हणजे छोट्या स्पोर्टी कूप, दणकट इंजिनाच्या मसल कार नव्हेत, आणि सहा सिलिंडरची तर नव्हेच नव्हे, असं ऐकवणारे भेटतील. त्यांचं बरोबर आहे. पण कामाला त्यानं फरक पडत नाही.)

आता तिन्ही गाड्यांची ठेवण बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मस्टँगला वेगळी चॅसी नाही. खालचा पत्रा, दोन्ही बाजूंचे रॉकर (दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या), पुढचे रेल आणि शॉक टॉवर मिळून एकच पेटी होते. पुढचं सस्पेन्शन शॉक टॉवरवर टेकलेलं असतं आणि ते टॉवर इंजिनाच्या जागेत दोन्हीकडून आत घुसतात. '६५-'६६ मध्ये ही जागा सगळ्यात अरुंद. १९६७ मध्ये ३९० इंजिनासाठी फोर्डनं ती रुंद केली. फोर्डचं आजचं कोयोट इंजिन ओव्हरहेड कॅमचं, म्हणून वरून फार रुंद आहे. ते '६६ मध्ये घालायचं तर टॉवर कापून पुढचं अख्खं सस्पेन्शन बदलावं लागतं. तुमच्यासाठी तो विषय तिथेच संपला.

कॅमेरो ('६७ ते '६९) आणि नोव्हा ('६८ ते '७४) यांचा मागचा अर्धा भाग मस्टँगसारखा पेटीचा, पण पुढे बोल्टनं जोडलेली वेगळी सबफ्रेम आहे, आणि ती दोघींची मुळात एकच आहे. म्हणजे कॅमेरोसाठी बनणारे कंट्रोल आर्म, ब्रेक, स्टेअरिंग बॉक्स, इंजिन माउंट नोव्हालाही लागतात. नोव्हाचं खरं मोल यातच आहे: कॅमेरोची हाडं, पण कॅमेरोचा भाव नाही. उणी बाजू एवढीच की बाहेरचा पत्रा, ट्रिम आणि आतलं सामान कॅमेरोइतकं मुबलक मिळत नाही. कॅमेरो आणि मस्टँगचे तर अख्खे नवे सांगाडे डायनाकॉर्न बनवते.

चौथा पर्याय म्हणून शेव्हेल किंवा मालिबू ('६८ ते '७२) मनात ठेवा. तिला पूर्ण चॅसी असते, मागची सीट ऐसपैस असते. डॉज डार्टही चांगली, पण तिचे पार्ट्स कमी ठिकाणी मिळतात, आणि जुन्या क्रायस्लर गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट अ‍ॅमीटरमधून फिरून फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) जोडातून जातो. मोठा अल्टरनेटर लावला की तो जोड वितळतो. वायरिंग बदलल्याशिवाय त्या गाडीला एसी लावू नका.

गंज. इथे घाई करू नका.

मस्टँगची जागा ठरलेली: काउल, म्हणजे पुढच्या काचेखाली जिथून हवा आत येते ती पेटी. ती दुहेरी पत्र्याची असते आणि आत हवेच्या भोकांभोवती टोपीसारखा उभा कठडा असतो. पालापाचोळा साचून तो कठडा मुळाशी सडतो, आणि पावसाचं पाणी थेट पायाखाली येतं. बाहेरून काहीच दिसत नाही. तपासायचं असं: दोन्ही बाजूंचा गालिचा उचलायला सांगा, बाटलीनं काचेखालच्या जाळीवर डावीकडे आणि उजवीकडे एकेक लिटर पाणी सावकाश ओता आणि डॅशखाली टॉर्च मारून बघा. पाणी पुढच्या मडगार्डामागून खाली जमिनीवर पडायला हवं. आत एक थेंब जरी आला तरी पुढचे मडगार्ड काढून, शेकडो स्पॉट वेल्ड ड्रिलनं सोडवून वरचा पत्रा उचलावा लागणार. विकणारा म्हणेल, "थोडं सिलिकॉन लावलं की झालं." झालं नसतं.

नोव्हा आणि कॅमेरोत पाणी मागून शिरतं. मागच्या काचेच्या चौकटीत, ट्रिमखाली, खाचेत पाणी साठतं. तिथून डिकीत, डिकीतून मागच्या मडगार्डांच्या खालच्या कोपऱ्यात. डिकीची चटई काढा आणि दोन्ही कोपऱ्यांत बोट घाला. मग गाडीखाली जा. सबफ्रेम जिथे बोल्टनं अंगाला जोडते त्या फायरवॉलखालच्या जागा आणि मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक जिथे बसतं ती खोबण, या चार ठिकाणी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. पापुद्रे निघाले किंवा टोक आत गेलं तर ती गाडी तुमची नाही. चाकाच्या कमानीवरचा गंज, मडगार्डाचं टोक, डिकीचं झाकण हे सगळं त्यापुढे किरकोळ. ते बदलता येतं.

सबफ्रेम अपघातात वाकलेली आहे का, हे टेप लावून कळतं. दोन्ही बाजूंची सारखी भोकं धरून तिरपी मापं घ्या. एक अष्टमांश इंचाहून जास्त फरक आला की विचारा गाडीला काय झालं होतं.

प्रायमरमधल्या कॅमेरोबद्दल मी जास्त साशंक आहे. प्रायमर हवेतली ओल शोषतो. महिनोन्‌महिने नुसत्या प्रायमरवर उभी गाडी आतून गंजत असते. शिवाय प्रायमर मारायचं कारण बऱ्याचदा खालची लांबी, म्हणजे पुटी, झाकणं हेच असतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊन जा. कारखान्यातला रंग साधारण ४ ते ६ मिल (इंचाचा हजारावा भाग) भरतो, एकदा पुन्हा रंगवलेली गाडी त्याच्या दुप्पट-अडीचपट. ३०-४० मिल दाखवलं की खाली लांबी आहे. दरवाजाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून चाकापर्यंत दर चार इंचांवर टेकवत जा. एकाच जागी मोजण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं. कॅमेरोच्या ओळख नंबरात (व्हीआयएन) पहिले तीन आकडे १२४ असतील तर व्ही-८, १२३ असतील तर सहा सिलिंडर. ती एसएस किंवा झी-२८, म्हणजे जास्त ताकदीची महाग आवृत्ती, आहे का, हे नंबरावरून कळतच नाही. "खरी एसएस आहे" म्हणून भाव चढवला असेल तर कागद मागा, बिल्ला नको. '७१ च्या नोव्हात ११४ म्हणजे व्ही-८. '६६ च्या मस्टँगमध्ये पाचवी खूण इंजिनाची: टी म्हणजे सहा सिलिंडर, सी आणि ए म्हणजे २८९ व्ही-८, के म्हणजे हाय परफॉर्मन्स २८९. दुसरी खूण कारखान्याची, तिथे टी दिसला तर गाडी फोर्डच्या मेटचन कारखान्यात बनलेली, म्हणजे तुमच्या शेजारच्या एडिसनमध्येच. आणि तिन्हींपैकी कुठल्याही गाडीत मूळ नंबराचं दुर्मीळ इंजिन निघालं तर तिला हात लावू नका. ती जशी आहे तशी कुणा शौकिनाला विका आणि साधी गाडी घ्या.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट, जिचा तुम्ही उल्लेखच केला नाही: मुलं. या गाड्यांत मागे फक्त कमरेचे पट्टे आहेत. बूस्टर सीटला (मुलाला उंच बसवणाऱ्या सीटला) खांद्याचा पट्टा लागतोच, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर ती वापरायची नसते. म्हणजे मागे तीन टोकांचे पट्टे बसवावे लागणार आणि त्यांच्या वरच्या टोकासाठी मागच्या खांबात किंवा काचेखालच्या फळीत जाड पट्टी वेल्ड करावी लागणार. बोल्ट सात-सोळांश इंची, ग्रेड ८ चा. पातळ पत्र्याला नुसता वॉशर लावून पट्टा अडकवणं म्हणजे न लावल्यासारखंच. हे काम सीट आणि छताचं कापड बसवायच्या आधी उरकायला हवं. मागे बसायला नोव्हात जागा बरी आहे. मस्टँगमध्ये दहा वर्षांचं मूल दोन तास बसेल. बारा वर्षांचं कुरकुर करेल.

सुधारणा कोणत्या क्रमानं करायच्या, यात लोक सर्वाधिक चुकतात. आधी ४०० घोड्यांचं इंजिन आणि मग उरल्या पैशांत ब्रेक, असं होतं. क्रम उलटा ठेवा.

ब्रेक पहिले. '६६ च्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे: एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. '६७ पासून दोन कप्प्यांचे आले. डिस्क लावताना चूक होते ती अशी: जुन्या ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये सुमारे १० पीएसआय दाब अडकवून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तोच ठेवून पुढे डिस्क लावल्या की पॅड सतत घासतात आणि वीस मैलांत डिस्क निळी पडते. मागे ड्रमच ठेवले तर तो फक्त मागच्या लाइनमध्ये हवा. मागच्या लाइनवर हातानं फिरवायचा, मागचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतील. इंजिनात मोठा कॅम घातला तर व्हॅक्यूम कमी पडतो, ब्रेकचा बूस्टर काम करत नाही आणि पेडल दगडासारखं लागतं. म्हणून कॅम सौम्य ठेवा. ११ इंची डिस्कवर जुनी १४ इंची चाकं बहुधा बसत नाहीत, १५ किंवा १७ लागतात, हे आधीच धरून चाला.

मग स्टेअरिंग आणि सस्पेन्शन. नोव्हात नवे बुश, ट्यूब्युलर वरचे आर्म, १२.७ ला १ असा वेगवान स्टेअरिंग बॉक्स, चांगले शॉक. मागे एकाच पातीचे पाटे असतील तर ते बदलाच. जोर लावला की ते पिळतात आणि चाक टपटप उडतं. सबफ्रेमपासून मागच्या रेलपर्यंत जोडपट्ट्या वेल्ड करून घ्या. गाडी तेव्हा चारी चाकांवर टेकलेली हवी; जॅकवर लटकत असताना वेल्ड केल्या तर दरवाजे नीट लागेनासे होतात. मस्टँग घेतली तर वरचा आर्म एक इंच खाली आणणं, म्हणजे टॉवरमध्ये दोन नवी भोकं पाडणं, हा सर्वात स्वस्त आणि सर्वाधिक फरक पाडणारा बदल.

वायरिंग अर्धी जुनी, अर्धी नवी ठेवू नका. पन्नास वर्षांपूर्वीचं इन्सुलेशन ठिसूळ झालेलं असतं, आणि इलेक्ट्रिक पंखा एकटाच २५-३० अँपिअर ओढतो. नवा हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा), शंभर अँपिअरच्या वरचा अल्टरनेटर, जाड चार्जिंग वायर आणि तिच्यावर फ्यूज. बॅटरी, इंजिन आणि बॉडी या तिघांत स्वतंत्र अर्थिंग. इंजेक्शनच्या संगणकाचे दोन मुख्य वायर थेट बॅटरीला जोडा, फ्यूज बॉक्समधून नको. इंजेक्शन "वेड लागल्यासारखं वागतं" अशा तक्रारींत अर्थिंग हेच कारण पुन्हा पुन्हा निघतं.

आता इंजिन. नोव्हासाठी १९९९ ते २००६ च्या सिल्व्हराडो ट्रकमधलं ५.३ लिटर घ्या. ब्लॉक बिडाचा आहे, वजन जास्त, पण स्वस्त आणि टिकाऊ. २००७ पासूनच्या बऱ्याच ५.३ मध्ये चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आली आणि तिचे लिफ्टर बिघडतात. ती वर्षं टाळा. ट्रकचं ऑइल पॅन खोल असतं, तसंच बसवलं तर ते आडव्या क्रॉसमेंबरवर आणि स्टेअरिंगच्या मधल्या दांड्यावर आपटतं, कारण या गाड्यांत तो दांडा आसाच्या मागे आहे. या अदलाबदलीसाठीच बनवलेलं उथळ पॅन लागतं. पॅन, माउंट आणि हेडर एकाच कंपनीचे घ्या. तीन ठिकाणांहून तीन वस्तू जमवल्या की स्टेअरिंग बॉक्स आणि हेडर यांच्यात नेमकं पाव इंच कमी पडतं.

इंजिनाच्या हेडवरची वाफेची बारीक नळी विसरू नका. एलएसच्या हेडमधली वाफ वर काढणारी ती लाइन रेडिएटरच्या वरच्या भागात जोडायची असते. लोक तिला बूच मारतात, मग हेडमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि तापमानाचा काटा ठीक दाखवत असताना एक कोपरा तापून गॅस्केट जातं.

पेट्रोलची बाजूही कमी लेखली जाते. कार्ब्युरेटरला ५-७ पीएसआय पुरत होते, एलएसला ५८ लागतात. बाहेर लटकवलेला पंप गुणगुणतो, तापतो आणि वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं की हवा ओढतो. पंप आत असलेली, आडपडदे लावलेली नवी टाकी घ्या. जुन्या रबरी नळ्या या दाबाला फुटतात; इंजेक्शनच्या दर्जाच्याच हव्यात.

गिअरबॉक्स ट्रेमेकचा टीकेएक्स: पाच गिअर, आणि जुन्या गाड्यांच्या बोगद्यात (गिअरबॉक्ससाठी गाडीच्या तळात असलेल्या उंचवट्यात) मावावा म्हणूनच बनवलेला. सहा गिअरच्या टी-५६ साठी मात्र बोगदा कापावा लागतो. पाचवा गिअर ०.६८, मागच्या आसाचा रेशो ३.५५ आणि २६ इंची टायर धरले तर ताशी ७० मैलांवर इंजिन मिनिटाला साधारण २,२०० फेऱ्या फिरतं. हा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पाचवा गिअर, नसता तर ३,२०० झाले असते. दोन तासांचा हायवे सुसह्य करणारी गोष्ट इंजिन नव्हे, हा आकडा आहे. तुमच्या घरी क्लच नको म्हणणारं कुणी असेल तर ४एल६०ई ऑटोमॅटिक घ्या. जुनं ७००आर४ घेतलं तर त्याची थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल नीट जुळवल्याशिवाय गल्लीबाहेरही नेऊ नका. ती ढिली राहिली तर आतला दाब कमी पडून क्लच पहिल्याच दिवशी जळतात.

मस्टँगमध्ये हिशेब वेगळा होतो. सहा सिलिंडरची म्हणजे चार बोल्टची चाकं, बारीक स्पिंडल, नाजूक मागचा आस, स्टेअरिंगचे दांडेही वेगळे. व्ही-८ घालायचं तर हे सगळं बदलायचं. मग एलएसच्या मागे न लागता फोर्डचंच ३०२ व्ही-८, वर थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, टी-५ गिअरबॉक्स आणि आठ इंची आस ठेवा. तेवढ्यानं ती हलकी, चपळ गाडी होते.

खर्चाचा ढोबळ अंदाज, काम तुम्हीच करणार असं धरून, नोव्हासाठी: ब्रेक २ हजार, स्टेअरिंग-सस्पेन्शन ४, वायरिंग १, एसी २, टाकी-पंप-नळ्या १.२, इंजिन सगळ्या जोडसामानासह ६.५, गिअरबॉक्स-क्लच-पेडल ५, मागचा आस ३.५, चाकं-टायर २.५, रेडिएटर-पंखे १, सीट-पट्टे-गालिचा ३. बेरीज ३१.७ हजार. नोव्हा धरून ४८ होतात, ७ हजार हाताशी राहतात. हेच कॅमेरोला लावलं तर ५५ च्या वर जातं, आणि अजून पत्र्याला हातही लागलेला नसतो.

रंग यात कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. चांगलं डेंटिंग-पेंटिंग बाहेरून करून घ्यायचं तर उरलेले ७ हजार पुरत नाहीत. नोव्हा उडालेल्या रंगात वर्षभर चालवा. माउंट, भोकं, गळती, खडखड सगळं त्या वर्षात निस्तरून होतं. आधी रंगवलेली गाडी प्रत्येक दुरुस्तीला ओरखडे खाते.

तेव्हा माझी निवड नोव्हा, पण वर सांगितलेल्या चार ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आत गेला नाही तरच. गेला, आणि मस्टँगचं काउल कोरडं निघालं, तर मस्टँग. दोन्ही नापास झाल्या तर शाबूत मालिबू सापडेपर्यंत थांबा, कॅमेरोकडे वळू नका. नोव्हा बघायला जाताना पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा, आणि विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर येतो का हे दिसतं, आणि डिकीतल्या चटईखाली आदल्या दिवशीचं पाणी अजून असतं.